कॅसिओटोन सीटी-एस३०० : पेटीवाल्या हातांसाठी चांगला कीबोर्ड, पण पेडलचे पैसे वेगळे काढून ठेवा

आपल्याकडे खेड्यात कुठलाही इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड 'कॅसिओ'च असतो. त्यावर यामाहाचं नाव छापलेलं असलं तरी वाजवणारा 'कॅसिओ वाजवतो'. म्हणून 'कोणता कॅसिओ घेऊ?' या प्रश्नाला उलटा प्रश्न करावा लागतो : वाजवायचं काय आहे? भजनाला साथ द्यायची असेल तर उत्तर वेगळं, वरातीतल्या चाली वाजवायच्या असतील तर वेगळं. इथे फक्त तिसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे. पियानोवरचं संथ गाणं, ज्याला पॉप बॅलड म्हणतात, ते शिकायचं आहे, घर गावात आहे, विजेचा भरवसा नाही आणि बजेट दहा ते पंधरा हजारांच्या पट्ट्यातलं आहे.

या बजेटमध्ये सीटी-एस३०० घ्यावा, असं आमचं मत आहे. पेडल, म्हणजे सूर लांबवणारं पायाचं बटण, मात्र त्याच दिवशी घ्यावं. आणि दुकानदाराने 'तोच आहे, थोडा स्वस्त' म्हणत शेजारचा सीटी-एस२०० पुढे केला तर नको म्हणावं. दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसतात. पण २०० मध्ये टच रिस्पॉन्स नाही, म्हणजे पट्टी कशी दाबली त्यानुसार आवाज लहानमोठा होत नाही, आणि त्याच्याशिवाय बॅलड होत नाही. कारण पुढे येईलच.

यंत्र थोडक्यात असं : पूर्ण आकाराच्या ६१ पट्ट्या, वजन ३.३ किलो, ४०० आवाज, ७७ रिदम, एका वेळी ४८ स्वर, दोन-दोन वॅटचे दोन स्पीकर, उचलायला मागे मूठ. चालतो अडॅप्टरवर किंवा सहा पेन्सिल सेलवर. कॅसिओटोन हे नाव १९८० पासूनचं. मधली बरीच वर्षं ते मागे पडलं होतं, २०१९ मध्ये कंपनीने याच मालिकेपासून ते परत आणलं. खोक्यावर ४०० आणि ७७ हे आकडे ठळक असतात. बॅलड शिकणाऱ्याला त्यातला एक आवाज लागतो आणि रिदम एकही लागत नाही.

गाणं हळू सुरू होतं, तिथेच यंत्राची परीक्षा

बॅलडची चाल साधी असते. मिनिटाला ६० ते ८० ठोके, बहुतेकदा चार कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-तीन सूर), तेच पुन्हा पुन्हा. मग गाण्यात घडतं काय? आवाज घडतो. पहिलं कडवं कानाशी बोलल्यासारखं, ध्रुवपदाला जरा मोकळं, दुसऱ्या कडव्याला परत खाली, शेवटच्या ध्रुवपदाला पूर्ण भरून, आणि शेवटची ओळ पुन्हा एकट्या सुरावर. हा चढउतार काढून टाकला तर उरतात फक्त चार कॉर्ड.

गावातला शिकणारा बहुधा पेटीवरून येतो. भजनी मंडळात, खंजिरीच्या साथीला, उजवा हात तयार झालेला असतो आणि चांगलाच तयार झालेला असतो. पण पेटीवर आवाजाचं लहानमोठेपण डाव्या हातात, म्हणजे भात्यात असतं. पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच. शिवाय बोट ठेवलं आहे आणि भाता चालू आहे तोवर सूर टिकतो. पियानोत या दोन्ही गोष्टी उलट्या. लहानमोठेपण बोटात, आणि सूर वाजला त्या क्षणापासून विझायला लागतो. त्यामुळे चांगल्या पेटीवाल्याचंही पहिलं बॅलड सपाट आणि तुटक वाजतं. दोष त्याचा नाही, त्याच्या बोटांना हे काम कधी सांगितलंच गेलं नव्हतं.

टच रिस्पॉन्स असलेल्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली रबराच्या टोपीत दोन संपर्क असतात. पट्टी खाली जाताना आधी पहिला जुळतो, मग दुसरा. या दोन्हींमधला वेळ मोजून यंत्र आवाज किती मोठा काढायचा ते ठरवतं. म्हणजे इथे जोर मोजला जात नाही, वेग मोजला जातो. हे कळलं की अर्धं काम झालं. हळू आवाज हवा म्हणून बोट ढिलं सोडायचं नसतं. पट्टी सावकाश, पण थेट तळापर्यंत न्यायची असते. ढिल्या बोटाने कॉर्ड वाजवली की तीनपैकी एक सूर गळतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं यंत्र बिघडलं.

सीटी-एस३०० इथे पास होतो, पण पहिल्या श्रेणीत नाही. पट्ट्या स्प्रिंगच्या आहेत, पियानोसारख्या वजनदार नाहीत. मधल्या आवाजापासून मोठ्यापर्यंतचा पल्ला सहज सापडतो. अगदी हळूच्या टोकाला मात्र बोट फार सांभाळावं लागतं, कारण स्प्रिंगची पट्टी पटकन खाली जाते. रोज दहा मिनिटं एकाच सुरावर पाच पायऱ्या काढा, पुटपुटण्यापासून हाक मारण्यापर्यंत आणि परत खाली. फोन तीन फुटांवर ठेवून रेकॉर्ड करा. पाचही पायऱ्या वेगळ्या ऐकू येईपर्यंत गाण्याला हात लावू नका. आणि अचानक सगळं एकाच आवाजात वाजायला लागलं तर घाबरू नका. टच बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे आणि घरातल्या पोट्ट्यांची बोटं तिथे हमखास पोचतात.

चार कॉर्ड, आणि हात न उडवता

बॅलडमध्ये सगळ्यात जास्त भेटणारा कॉर्डचा क्रम सी, जी, ए मायनर, एफ असा आहे. पांढरी एकला सा धरला तर सा, प, ध, म. पेटीवाल्याला सरगमच्या भाषेत हे एका बैठकीत कळतं : पहिली कॉर्ड सा-ग-प, दुसरी प-नी-रे, तिसरी ध-सा-ग, चौथी म-ध-सा. सगळे शुद्ध स्वर, काळी पट्टी एकही नाही.

चूक पुढे होते. नवशिका प्रत्येक कॉर्ड तिच्या मूळ सुरापासून धरतो, त्यामुळे उजवा हात बेडकासारखा उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला आवाज तुटतो. त्याऐवजी कॉर्ड उलटून धरायच्या. कीबोर्डवर डावीकडून तिसरा सा म्हणजे मधला सा. त्याच्या अलीकडच्या प वर अंगठा ठेवा आणि अशी साखळी वाजवा :

प-सा-ग, मग प-नी-रे, मग ध-सा-ग, मग ध-सा-म, आणि परत प-सा-ग.

यात काय हलतं ते नीट बघा. पहिलीकडून दुसरीकडे जाताना प जागेवर राहतो, बाकी दोन सूर एकेक पायरी खाली येतात. दुसरीकडून तिसरीकडे तिन्ही एकेक पायरी वर. तिसरीकडून चौथीकडे फक्त ग चा म होतो. कुठेच एका पट्टीहून मोठी हालचाल नाही. बोटं पहिल्या तीन कॉर्डना अंगठा, मधलं, करंगळी. चौथीला अंगठा, तर्जनी, करंगळी, कारण तिथे ध आणि सा मधलं अंतर कमी आणि सा ते म जास्त आहे. हा बोटांचा बदल सुरुवातीला कंटाळवाणा वाटतो. तो टाळला तर वेग वाढल्यावर करंगळी म वर पोचत नाही.

सगळ्यात वरचा सूर बाकी दोघांपेक्षा जरा मोठा आला पाहिजे, नाहीतर कॉर्ड गाण्याऐवजी ठोकल्यासारखी वाटते. त्याचा व्यायाम : करंगळी दाबून धरायची, अंगठा आणि मधलं बोट तुटक-तुटक, हलक्याने वाजवायचं. स्प्रिंगच्या पट्ट्यांवर हे वजनदार पट्ट्यांपेक्षा अवघड जातं, कारण करंगळीला टेकायला आधारच मिळत नाही. इथे यंत्राची किंमत दिसते, आणि ते मान्य करूनच पुढे जावं.

गाणाऱ्याची पट्टी वेगळी असेल तर? एखादी बाई काळी चारमध्ये गाते, एखादा पुरुष काळी एकमध्ये. यात ट्रान्सपोज आहे, वर-खाली बारा-बारा सुरांपर्यंत. काळी एक हवी तर एक पायरी वर, आणि बोटं तीच. सोय मोठी आहे, पण तिची सवय वाईट. सहा महिने ट्रान्सपोजवर काढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पेटीवर बसवलं की तो अडकतो. कार्यक्रमाला वापरा, रियाजाला नको.

याच सेटिंगमध्ये ट्यूनिंगही आहे, ४१५.५ ते ४६५.९ हर्ट्झपर्यंत. गावातल्या जुन्या पेट्या बऱ्याचदा ४४० या ठरलेल्या मापाला नसतात. पेटी आणि कीबोर्ड एकत्र वाजवायचे असतील तर पेटी बदलता येत नाही, कीबोर्ड येतो. पेटीचा मधला सा धरून ठेवा आणि दोन सुरांमधली लाटेसारखी थरथर थांबेपर्यंत आकडा हलवा. स्वस्त कीबोर्डात ही सोय असणं ही खरी जमेची बाजू आहे, आणि जाहिरातीत तिचा उल्लेखही नसतो.

डावा हात : ६१ पट्ट्या कुठे कमी पडतात

भात्यावर आयुष्य गेलेल्या डाव्या हाताला सुरुवातीला एकच काम द्या. डावीकडून दुसरा सा, त्याच्या खालचा प, खालचा ध, खालचा म. एका कॉर्डला एक सूर. एवढ्यानेही गाणं उभं राहतं.

ध्रुवपदाला डाव्या हाताने सप्तक धरायचं असतं, म्हणजे करंगळी खालच्या सुरावर आणि अंगठा त्याच्याच वरच्या जोडीदारावर. इथे भिंत लागते. ८८ पट्ट्यांच्या पियानोवर खाली भरपूर जागा असते. ६१ चा कीबोर्ड सा वरच सुरू होतो, त्याच्या खालचे म, प, ध त्यात नाहीतच. त्यामुळे सा ची जोडी खाली मिळते आणि प ची जोडी वर घ्यावी लागते. नेमकं जिथे गाण्याचा पाया खोल जायला हवा तिथे तो वर उडी मारतो.

यावर उपाय आहे. ट्रान्सपोज उणे १२ करा. सगळा कीबोर्ड एक सप्तक खाली सरकतो. आता दोन्ही हात एक सप्तक उजवीकडे सरकवून वाजवा. खाली हवी तेवढी जागा मिळते, आणि वरच्या बाजूला बॅलडला जेवढं लागतं तेवढं शिल्लक राहतं. फक्त यंत्राच्या स्पीकरवर हा खोल सूर शोधू नका. दोन वॅटच्या लांबट स्पीकरला ५० हर्ट्झच्या आसपासचं काही झेपत नाही, सुराची सावली तेवढी ऐकू येते. हेडफोन लावला की खरा सूर समजतो. भोक फोनच्या इअरफोनच्याच मापाचं आहे, ३.५ मिलिमीटर. ब्लूटूथ नाही. ते नसल्याचं दुःख नको, कारण ब्लूटूथ इअरफोनवर बोट आणि सूर यांच्यात फट पडते आणि संथ गाण्यात ती लगेच जाणवते.

लयीचं सांगायचं तर केरवा येणाऱ्याला बॅलडची लय नवी नाही. आठ मात्रा धरा. उजवा हात १, ३, ५, ७ वर कॉर्ड देतो. डावा १ आणि ४ वर. चौथी मात्रा उजव्याच्या दोन ठोक्यांच्या मधोमध पडते आणि तिथे हमखास उजवा हातही सोबत पडतो. आधी मांडीवर थापून बघा, मग कीबोर्डवर या. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारी सोय) ५० ला, जमलं की ७०. काही बॅलड सहाच्या लयीत असतात. त्यांना दादरा धरा, डावा पहिल्या मात्रेवर, उजवा कॉर्डचे सूर एकेक करून. सम ठोकून दाखवायची सवय मात्र सोडावी लागते. बॅलडमध्ये पहिल्या मात्रेवरचा ठोका ऐकणाऱ्याला 'आला' असं वाटू द्यायचं नसतं.

पेडल : खोक्यात नाही, गाण्यात आहे

सगळ्यात जास्त लिहावं लागतं ते पेडलबद्दल, कारण गावात सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं. मागे ६.३ मिलिमीटरचं भोक आहे. पेडल सोबत येत नाही. हजार-दीड हजार वेगळे धरा. कॅसिओचं एसपी-३ हे छोटं चौकोनी बटण आहे. काम करतं, पण हलकं असल्याने पायाखालून सरकतं. पियानोसारखी लांब धातूची पट्टी असलेलं कुठल्याही कंपनीचं पेडल चालतं, फक्त त्याच्या बुडाला पोलॅरिटीचं छोटं बटण आहे का ते बघून घ्या. पाय उचलल्यावर सूर लांबतो आणि दाबल्यावर तुटतो, असं उलटं झालं तर ते बटण दुसऱ्या बाजूला करायचं. आणि यंत्र चालू करताना पेडलवर पाय ठेवू नये.

पेडल का लागतं? उजवा हात एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना क्षणभर हवेत असतो. तेवढ्यात आवाजात फट पडते. पेडल ती फट भरतं.

पायाची वेळ मात्र बहुतेकांची चुकते. मन सांगतं, कॉर्डसोबत पाय दाब. तसं केलं की मागची कॉर्ड पुढचीत मिसळते आणि चिखल होतो. बरोबर पद्धत अशी : नवी कॉर्ड पडते त्याच क्षणी पाय वर, आणि बोटं पट्ट्यांवर असतानाच, सूर साफ झाला की पाय परत खाली. हात खाली तेव्हा पाय वर. ढेकीवर धान कांडताना पाय दाबला की मुसळ वर जातं आणि पाय उचलला की खाली पडतं, तसा हा आळीपाळीचा मेळ. तीन-चार दिवस तो अशक्य वाटतो. एकच कॉर्ड, मेट्रोनोम ४० ला, 'वाजव-दाब, वाजव-दाब' असं मोठ्याने म्हणत करा. पाय एक ठोका आधी उचलला तर फट ऐकू येते, उशिरा उचलला तर चिखल. कानाला दोन्ही लगेच सांगता येतात.

या यंत्रात पेडल म्हणजे चालू-बंद स्विच आहे, अर्धं दाबण्याची सोय नाही. एका वेळी ४८ सुरांची मर्यादा आहे, काही आवाजांत २४ ची. दर कॉर्डला पाय बदलणाऱ्याला ती कधीच लागत नाही. हिशेब करा : मोकळे सूर वाजवत गेलात तर एका आवर्तनात आठ-नऊ सूर होतात, म्हणजे पाय न उचलता पाच आवर्तनं गेली तरच जुने सूर गळायला लागतील. तोवर कानच तक्रार करतो. रिदम चालू ठेवला तर मात्र तोही याच ४८ मधून वाटा घेतो.

आता बसायचा प्रश्न. भजनाची बैठक सतरंजीवर मांडी घालून असते. मांडी घातलेल्या माणसाला पेडल दाबायला पायच नाही. काही जण गुडघ्याखाली पेडल ठेवून बघतात. जमत नाही, वेळ चुकते. खुर्ची आणि टेबल हवंच. पट्ट्यांची वरची पातळी जमिनीपासून ७२-७३ सेंटिमीटर असली की कोपर सरळ राहतो. कीबोर्डची स्वतःची उंची सात सेंटिमीटरच्या वर आहे, म्हणजे टेबल ६५ च्या आसपास. नेहमीचं अभ्यासाचं टेबल ७५ चं असतं, ते दहाने उंच पडतं. मग खुर्चीवर घडी घातलेली गोधडी टाका आणि तळवे टेकायला पायाखाली पाट घ्या, पेडलही त्याच पाटावर. सारवलेल्या जमिनीवर किंवा गुळगुळीत फरशीवर पेडल पुढे पळतं. त्याच्याखाली ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा टाकला की ते जागचं हलत नाही.

लाईन, कापूस आणि मे महिना

या कीबोर्डची शिफारस करण्याचं अर्धं कारण संगीताबाहेरचं आहे : तो सेलवर चालतो. संध्याकाळी, रियाजाच्या वेळीच लाईन जाते आणि मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं. सहा एए सेल टाकले की हा प्रश्न संपतो. भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते स्वस्त सेल टाकू नका. ते लवकर बसतात, आणि विसरले तर आत पाझरून स्प्रिंगा खातात. अल्कलाईन घ्या, रोज वाजवणार असाल तर चार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइड. चार्जर बहुतेक चार सेलचे असतात आणि कीबोर्डला लागतात सहा, म्हणून एक चार्जर आणि आठ सेल घेतलेले बरे. नवे-जुने मिसळू नका. सेल उतरले की पडदा फिका होतो, मग आवाज चिरकतो. तेव्हा वाजवणं थांबवा.

अडॅप्टर ९.५ व्होल्टचा आहे. मूळ अडॅप्टर जळाला तर मोबाईलच्या दुकानात मिळणारा १२ व्होल्टचा 'चालून जाईल' म्हणून घालू नका. व्होल्ट, ॲम्पिअर आणि पिनची पोलॅरिटी (धन-ऋण बाजू), तिन्ही जुळली पाहिजेत. लाईन गेली की पिन काढून ठेवा. लाईन परत येताना बसणारा झटका वाईट असतो.

दुसरा शत्रू धूळ. कापूस वेचून घरात आला की भाव चढेपर्यंत त्याच खोलीत राहतो, आणि रुईचे तंतू पट्ट्यांच्या फटीतून आत जातात. तुरीच्या मळणीच्या दिवसांत बारीक भुसा. वर सांगितलेल्या त्या दोन संपर्कांत घाण गेली की एखादी पट्टी मुकी होते किंवा हळू दाबूनही किंचाळते. तालुक्याला हे काम करणारा सहसा मिळत नाही, नागपूर-अमरावती गाठावं लागतं. त्यापेक्षा वाजवून झालं की लगेच सुती कापड, वर प्लॅस्टिक नको, पावसाळ्यात त्याच्या आत ओल धरते. पट्ट्या पुसायला ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं पुरतं, स्पिरिट किंवा थिनर नको. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना टिनाच्या छताखाली, भिंतीला उभा करून ठेवू नये. खालच्या खोलीत, आडवा, उन्हापासून दूर.

काय दुर्लक्षावं, आणि पैसे असतील तर काय

एका बोटाने कॉर्ड आणि मागे आपोआप वाजणारा बँड, ही सोय पाहुण्यांसमोर छान वाटते. बॅलड शिकणाऱ्याला ती मारक आहे. डाव्या हाताचं काम यंत्र करतं आणि हात पुन्हा भात्यावरच्यासारखा रिकामा. फोनला जोडायला मायक्रो-बी यूएसबी आहे. ओटीजी तार लावून ॲपवर वरून पडणाऱ्या रंगीत पट्ट्या पाहून वाजवता येतं. त्यातून एक गाणं पाठ होतं, पण दुसऱ्या गाण्याला काहीच उपयोगी पडत नाही, कारण कॉर्डची ओळखच होत नाही. यूएसबीतून आवाज जात नाही, फक्त मिडी, म्हणजे कोणती पट्टी कधी दाबली ही माहिती, जातं.

मंडपात वाजवायचं असेल तर स्पीकर पुरणार नाहीत. हेडफोनच्या भोकातून मिक्सरला तार न्या, कीबोर्डचा आवाज अर्ध्यावर ठेवा आणि बाकीचं मिक्सरवर वाढवा. पूर्व विदर्भात वडसा-देसाईगंजकडे झाडीपट्टीच्या नाटकांत रात्रभर ऑर्गन धरणाऱ्याने हे यंत्र बघूही नये, ते त्या कामाचं नाही.

याच वर्गात यामाहा पीएसआर-ई३७३ आहे. टच आहे, ४८ सूर आहेत, ६२२ आवाज आहेत, तोही सहा एए सेलवर चालतो, आणि यूएसबीतून आवाजही पाठवतो. वजन ४.६ किलो. रेकॉर्डिंग करायचं असेल तर तो घ्या. फक्त शिकायचं असेल तर जास्तीचे पैसे पेडल, टेबल आणि सेलवर गेलेले बरे.

बोटांखालीही पियानोच हवा असेल आणि कित्येक पट खर्चाची तयारी असेल तर ८८ वजनदार पट्ट्यांच्या वर्गात कॅसिओचा सीडीपी-एस११० बघा. साडेदहा किलोचा आहे आणि तोही सहा एए सेलवर चालतो. यामाहाचा पी-१४५ पट्ट्यांच्या बाबतीत त्याच तोडीचा, पण सेलवर चालत नाही. शहरात याने फरक पडला नसता.

दुकानात किंवा कुरिअरवाला दारात असताना करायची तपासणी : ६१ च्या ६१ पट्ट्या एकदा हळू, एकदा जोरात. दोन्ही वेळी आवाजात फरक पडला पाहिजे, आणि शेजारच्या पट्ट्यांच्या तुलनेत एकही वेगळी नको. पेडल लावून एक कॉर्ड, पाय खाली, हात वर, सूर आपोआप विझेपर्यंत थांबा. हेडफोन दोन्ही कानांत येतो का. सेल टाकून, अडॅप्टर काढून चालू होतो का. खोक्यात अडॅप्टर आहे का आणि त्यावर ९.५ व्होल्ट छापलंय का. बिलावर मॉडेल पूर्ण लिहून घ्या, नुसतं 'कॅसिओ कीबोर्ड' नको. शेवटी २०० आहे की ३००, हे खोक्यावर नाही, यंत्राच्या अंगावर वाचा.